झोपू दे त्याला

आगारातल्या शेवटच्या फलाटावरचा तो लाकडी बाक म्हणजे घड्याळसाहेबांच्या डोक्याला झालेला कायमचा ताप होता. बाक ठेवला होता प्रवाशांनी बसावं म्हणून. पण त्यावर प्रवासी सोडून बाकी सगळे बसत, आणि बसत कसले, लोळत. शेवटच्या थांब्यावर गाडी आली की मागच्या सीटवर एखादा गर्दुल्ला कलंडलेला सापडायचा. नियमाप्रमाणे वाहकाने झोपलेल्या प्रत्येक प्रवाशाला हाक मारून जागं करायचं आणि मगच गाडी रिकामी झाल्याची शिट्टी द्यायची. पण गर्द ओढणाऱ्याला हाक कोण मारणार? दोघांनी काखेत हात घालायचे, ओंडक्यासारखं उचलायचं आणि बाकावर नेऊन टाकायचं. ‘झोपू दे त्याला. उतरली की जाईल आपला आपण.’ अशी रीतच पडून गेली होती. ही रीत कुणी घालून दिली नव्हती. चांगली रीत लावायला जन्म जातो, मंडळी; वाईट रीत तणासारखी उगवते, तिला पाणीही घालावं लागत नाही.

घड्याळसाहेब म्हणजे आगारप्रमुख. समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याआधी ते मनगटाकडे बघत, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय घोटभर पाणी घ्यायचा नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय जपून टाकायचा. पण गर्दुल्ला दिसला की यांच्यातली दया तेवढ्यापुरती रजेवर जायची.

त्या सकाळीही बाकावर एक जण होता. तिशीचा असेल. खांद्याला पिशवी, पायात एकच चप्पल. आणि घोरणं तर असं, की तिकिटाच्या रांगेतले लोक माना वळवून हसत होते. कारकून खिडकीतून ओरडला, की इंजिन गरम झालंय, कुणीतरी पाणी ओता. रांगेला आणखी हसू आलं.

हसला नाही तो एकटा शिट्टी. शिट्टी हा एके काळी याच आगारातला वाहक. शिट्टी अशी वाजवायचा की झोपलेला चालकही दचकावा. मग गर्दच्या नादी लागला, नोकरी जाता जाता राहिली, उपचार घेऊन परत आला. साहेबांनी त्याला गाडीवर घेतलं नव्हतं; हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत छत्र्या आणि डबे सांभाळायला बसवलं होतं. गाडीवर परत घ्यायचं की नाही, याचा निर्णय साहेबांच्या हातात होता, आणि शिट्टी रोज त्या निर्णयाकडे डोळे लावून बसायचा.

तो आपली खोली सोडून बाकापाशी आला, वाकला आणि साहेबांना म्हणाला, “साहेब, ही झोप नाही. याला उठवायला पाहिजे. गाडी बोलवा दवाखान्याची.”

कारकुनाने खिडकीतूनच टोला हाणला, की भाऊबंदाला भाऊबंदाचा कळवळा येणारच, घे मांडीवर आणि गा अंगाई. साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन गाड्या उशिरा सुटल्या होत्या.

“तुझी जागा कुठली? तिकडे बस जा.”

शिट्टी गेला. जाताना अंगातला कोट काढून त्या माणसावर घालून गेला.

थोड्या वेळाने घोरणं थांबलं. सगळ्यांना बरं वाटलं, की चला, कटकट मिटली. कटकट खरोखरच मिटली होती. झाडलोट करणाऱ्या बाईने कोट बाजूला केला, तेव्हा ते सगळ्यांना कळलं.

मग पोलीस, पंचनामा, अडलेल्या गाड्या, खोळंबलेले प्रवासी. रांगेतल्या एका सभ्य गृहस्थांनी मोठ्याने सांगितलं, की एक घाण कमी झाली. कुणी त्यांना अडवलं नाही. दोघा-तिघांनी तर मान डोलावली.

साहेब संध्याकाळी घरी आले ते तणतणतच. घरात त्यांची थोरली बहीण, अक्का. रुग्णालयात परिचारिका म्हणून उभी हयात काढलेली, आता निवृत्त होऊन भावाकडे राहणारी. ती शेंगा सोलत, गुणगुणत बसली होती. साहेबांनी बूट काढायच्या आधीच फिर्याद सुरू केली. उद्याच्या उद्या बाक उखडून टाकतो, म्हणाले. या लोकांना मरायलाही माझंच आगार सापडतं. स्वतः ओढतात, स्वतः मरतात आणि खोळंबा आपला.

“घोरत होता म्हणालास,” अक्का म्हणाली. “कसं?”

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी तोंड उघडून, घशातून गुरगुर करत नक्कल करून दाखवली. मधे थांबायचं, मग पाणी अडकल्यासारखा एक आचका, मग पुन्हा गुरगुर. नक्कल हुबेहूब होती.

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. गुणगुणणंही थांबलं.

“अरे, ते घोरणं नव्हे,” ती म्हणाली. “गर्द जास्त झाली की श्वास घ्यायचं भान शरीराला राहत नाही. जीभ, घसा सगळं सैल पडतं. त्यातून कशीबशी हवा जाते, त्याचा तो आवाज. पाण्यात बुडणारा निदान हात तरी हलवतो. हा बाकावर बुडत होता आणि तुम्ही काठावर उभे राहून हसत होता.”

“म्हणजे आम्ही मारलं त्याला?”

“तसं मी म्हटलं नाही. तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.”

साहेब चिडले. चिडणं साहजिकच होतं. खरं ऐकलं की माणूस आधी चिडतो, पटायचं ते मागाहून. म्हणाले, त्यांनी ओढायची आणि आम्ही पहारा द्यायचा का? कुणी सांगितलं होतं ओढायला?

“तुला कुणी सांगितलं होतं इतकी साखर खायला?” अक्काने विचारलं. “परवा चक्कर येऊन पडलास, तेव्हा शेजाऱ्यांनी आधी तुझ्या चहाचा हिशेब मागितला का? उचलून नेलं की नाही? व्यसन हा रोग आहे रे. लाजिरवाणा रोग आहे म्हणून तो रोग नाही असं होत नाही. उपदेशाचे डोस सावकाश पाजता येतात. पण पाजायला माणूस जिवंत लागतो.”

मी आगारात येऊन सगळ्यांना दाखवते काय करायचं ते, असंही ती म्हणाली. साहेबांनी साफ नकार दिला. आगाराचा दवाखाना करायचा नाही मला, म्हणाले, आणि न जेवता उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी एक बाई आली. इस्त्रीचे साधे कपडे, हातात छत्री, डोळ्यांवर एक काच तडकलेला चष्मा. कुणाच्याही शेजारची वाटावी अशी. मुलाची पिशवी न्यायला आले, म्हणाली. साहेब तिथेच उभे होते. गर्दुल्ल्याला आई असते आणि ती अशी दिसते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं आलं कधी.

शिट्टीने पिशवी काढून दिली. बाईने ती तिथेच उघडली. आत एक धुतलेला सदरा होता आणि एका डबीत तिचाच दुसरा चष्मा होता, दुरुस्त करून आणलेला. तो घरीच निघाला होता तर! तिने डबी मिटली आणि विचारलं, “झोपेतच गेला म्हणतात. शांत होता ना हो?”

कारकुनाला वाटलं, चार गोड शब्द बोलावेत. म्हणाला, “अगदी शांत, आई. मस्त घोरत होता.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. “पण तो कधीच घोरत नसे,” ती म्हणाली. “लहानपणापासून नाही.”

बाई पिशवी छातीशी धरून गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर शिट्टी हळूच म्हणाला, “मी सांगितलं होतं, साहेब.”

त्या क्षणी साहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण आतून टोचत असलं की माणूस बाहेरच्यालाच बोचकारतो. म्हणाले, “फार शहाणा झालास. असल्या माणसाला गाडीवर घेतलं तर प्रवासी काय म्हणतील, याचा विचार कर आधी.”

शिट्टीने मान खाली घातली. निर्णय काय होणार ते त्याला कळलं.

दुपारी हरवलेल्या वस्तूंची खिडकी बंद दिसली. बाहेर चार माणसं ताटकळलेली. साहेबांचा पारा चढला. ते तरातरा चालक-वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीकडे गेले. आत तिघे-चौघे डबे उघडून जेवत होते, कारकूनही त्यांच्यात होता. कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून शिट्टी पडला होता. साहेबांनी आवाज चढवण्याआधीच एक जण तोंडात घास ठेवून म्हणाला, “रागावू नका, साहेब. सकाळपासून उदास होता. झोपू दे त्याला.”

आणि खाटेवरून तो आवाज आला. गुरगुर. मधे काहीच नाही. मग पाणी अडकल्यासारखा आचका. काल घरी अक्कापुढे साहेबांनी हसत हसत ज्याची नक्कल केली होती, तोच.

“डबे ठेवा!” साहेब ओरडले. “उठा! ही झोप नाही. दवाखान्याच्या गाडीला फोन लावा, आत्ता!”

एकाने फोन लावला. साहेबांनी शिट्टीला हाका मारल्या, गदागदा हलवलं, अक्काकडून कधीतरी ऐकलेलं आठवून छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळलं. काही नाही. त्यांनी दुसऱ्या फोनवरून अक्काला गाठलं आणि फोन उशीपाशी ठेवला.

“ओठ बघ,” अक्का म्हणाली.

“निळसर झालेत, अक्का.”

“पाठीवर झोपव. हनुवटी वर कर, घसा मोकळा होईल. नाक दाब आणि तोंडाने श्वास दे. छाती वर येते का बघत राहा. रडू नकोस, रडताना श्वास पुरत नाही. दे.”

साहेब गुडघ्यांवर बसले. कारकून अभावितपणे बोलून गेला, की याच्या तोंडाला तोंड लावताय, साहेब? साहेबांकडे द्यायला होता तो श्वास ते दुसऱ्याला देत होते. फोनमधून अक्का सांगत होती, आता दे, थांब, आता दे. जशी टाळ धरलेली बाई नवख्याला ताल दाखवते तशी. जन्मभर घड्याळ बघत आलेल्या माणसाने तेवढा वेळ मनगटाकडे बघितलं नाही.

दवाखान्याची गाडी आली. त्यांच्याकडे या विषावरचा उतारा होता. तो दिला, आणि थोड्या वेळाने शिट्टीने एक लांब, ओला श्वास आपला आपण घेतला. डोळे उघडले. समोर साहेबांचा घामेजलेला चेहरा.

“साहेब,” तो पुटपुटला, “खिडकीवर कुणी आहे का?”

कारकून भिंतीकडे वळून डोळे पुसू लागला. गाडीतली माणसं म्हणाली, की उताऱ्याचा जोर ओसरला तर पुन्हा श्वास अडू शकतो, याला रुग्णालयात ठेवावंच लागेल. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, की काही काळ सोडून पुन्हा घेणाऱ्याला तर पूर्वीइतकी मात्राही घातक ठरते, शरीराची सवय मोडलेली असते. सुधारणारा घसरला की लोक म्हणतात, बघा, सुधारला नव्हताच. अहो, त्याच घडीला त्याला माणसाची सगळ्यात जास्त गरज असते!

शिट्टीची प्रकृती सावरल्यावर साहेब पत्ता शोधत त्या आईच्या घरी गेले. दारातच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. तुमचा मुलगा शांत झोपला नव्हता. एकाने आम्हाला सांगितलं होतं, मी त्यालाच हाकललं. आम्ही हसत होतो. हे सांगताना त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

बाईने दाराची चौकट धरली. आता तिच्या डोळ्यांवर दुरुस्त केलेला चष्मा होता.

“ज्याने सांगितलं होतं, तो कोण?”

साहेबांनी शिट्टीचंही सांगितलं.

“तो वाचला?”

“वाचला.”

“मग त्याला त्या खोलीत परत बसवू नका,” ती म्हणाली. “सापडलेल्या माणसाला हरवलेल्या वस्तूंत ठेवू नये.” आणि तिने दार लावून घेतलं. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि साहेबांनीही मागितली नाही. काही ऋणं फिटायची नसतात, वागवायची असतात.

शिट्टीचे उपचार पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितल्यावर साहेबांनी त्याला गाडीवर घेतलं. प्रवासी काय म्हणाले? काही नाही. प्रवाशांना गाडी वेळेवर हवी असते. अक्का आगारात आली आणि तिने कारकुनालाच खाटेवर आडवं पाडून सगळ्यांना धडा दिला; त्याची हनुवटी तिने अशी काही वर केली की पुढे दोन दिवस तो आकाशाकडे बघत चालतोय अशी चेष्टा झाली. बाक उखडला नाही. उतारा आता साहेबांच्या टेबलावर असतो, कुलपाशिवाय.

आणि शेवटच्या थांब्यावर शिट्टी मागच्या सीटपर्यंत जातो, कलंडलेल्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि हाक मारतो, “दादा, थांबा आला. उठा.” उठला तर उतरू देतो. नाही उठला, तर सगळं आगार धावतं.

मंडळी, ज्याने हा श्वास दिला त्याने देताना पात्रता विचारली नाही. मग कुणाचा श्वास अडलेला दिसला, तर आपण कोण लागून गेलो पात्रता तपासणारे? गर्दचा धिक्कार करा, विकणाऱ्याला धरून द्या, पोराबाळांना जपा. पण जो पडलाय त्याला आधी हाक मारा, हलवा, मदत बोलवा आणि ती येईपर्यंत जवळून हलू नका. ‘झोपू दे त्याला’ असं म्हणण्याआधी एकदा वाकून बघा, तो खरंच झोपलाय का. त्याचीही कुणीतरी घरी वाट बघत असतं.