तीनचा ठेका

मी एक जुना अकॉर्डियन आहे. माझा भाता फाटलाय, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. पण मित्रांनो, ते दुखणं काहीच नाही. माझ्या हातून एक पाप घडलं, ते सांगायचंय.

माझा जन्म स्लोव्हाकियातला. ईर्मा माझी मालकीण. बहिणीच्या लग्नात तिने माझ्यावर जोडीने नाचायचा, तीनच्या ठेक्याचा वॉल्ट्झ वाजवला आणि टिबोर सुतार रिकामे हात पसरून एकटाच तिच्यासमोर नाचला. पाहुणे पोट धरून हसले. त्याच आठवड्यात दोघांचं जमलं.

मग ज्यू म्हणून नाझींनी दोघांना छळछावणीत टाकलं. तिथे रोज सकाळी कैदी कामाला निघत आणि फाटकापाशी बायकांचा बँड कवायतीची धून वाजवी. त्या बँडमध्ये ईर्मा मला वाजवायची. पाच-पाचच्या रांगा, ढोलावर डावा पाय. पहारेकऱ्यांना मोजायला सोपं पडे. पाय चुकला त्याला बाजूला काढत. तो पुन्हा दिसत नसे.

"आलं बघ तुझं ध्यान! एका पायात बूट, दुसऱ्याला चिंधी," टिबोर रांगेत दिसला की ढोलवाली गिझेला पुटपुटायची.

"असू दे गं. चालतोय ना?"

पुढे टिबोरची मान वर होईनाशी झाली. ईर्माचा धीर सुटला.

"उद्या लग्नातली एक ओळ घालते मधे."

"वेडी का तू? ती तीनच्या ठेक्याची, कवायत दोनची!"

"एकच ओळ. मी आहे, एवढं कळू दे त्याला."

थंडीने माझ्या पट्ट्या नेहमी अडकत. त्या सकाळी एकही अडकली नाही. उलट मी फुलून वाजलो. मलाही ते लग्न आठवलं होतं.

टिबोरने मान वर केली. हसला. आणि त्याचे पाय तीनवर पडू लागले. मागचा त्याच्यावर आदळला, रांग मोडली, पहारेकऱ्याने त्याला बाजूला ओढलं. आम्ही मात्र वाजवतच राहिलो.

रांग मोडली तरी बँड थांबला नाही, म्हणून दुपारी छावणीच्या साहेबाने ईर्माची पाठ थोपटली, पावाचा तुकडा दिला. तिने तो खाल्ला. भूक होती. मला तिचा राग आला नाही, माझाच आला.

युद्ध संपलं, आम्ही वाचलो. ईर्माने मला पुन्हा छातीशी घेतलं नाही.

"मारणारे दुसरे होते, ईर्मे," म्हातारी गिझेला म्हणायची.

"वाजवणारी मी होते."

आता मी संग्रहालयात असतो. मुलं येतात, माझी धूळ पुसली जाते. मित्रांनो, वाद्यं जपा, जरूर जपा. पण तुमच्या कवायतीत कुणाचा पाय चुकला, तर त्याला रांगेतून काढू नका. त्याला काय ऐकू येतंय, ते आधी विचारा.