वजा दोन

मित्रांनो, मी प्रसूतिगृहातली एक जुनी मापाची टेप आहे. मला आईच्या पोटावर धरून बाळाची वाढ पाहतात. विसाव्या आठवड्यानंतर हिशेब सोपा असतो: जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर.

वापरून वापरून माझं टोक उसवलं, तेव्हा सिस्टरांनी ते कात्रीने छाटलं. पहिले दोन सेंटिमीटर गेले. "दोन वजा करायचे, झालं!" त्या म्हणाल्या. हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. लिहून मात्र कुठेच ठेवलं नाही.

तपासणीला एक आई यायची. पहिलटकरीण, भारी काळजीखोर. सिस्टर तिला 'प्रश्नावली' म्हणायच्या.

"केवढं झालं असेल हो?"

बाराव्या आठवड्यात उत्तर मिळालं, "लिंबाएवढं. पण बोटं फुटलीत हं!" चोविसाव्यात, "कणसाएवढं. आता ऐकू येतं त्याला, नवऱ्याशी जपून भांडा!" ती हसली की पोटावर मीही हलायचे. अठ्ठाविसाव्यात बाळाने अशी लाथ मारली की मी घसरलेच. दोन वजा करून माप आलं अठ्ठावीस. आता डोळे उघडत असेल, सिस्टर म्हणाल्या.

मग सिस्टर रजेवर गेल्या. तिसाव्या आठवड्यात बदली सिस्टरांनी मला लावलं.

"तीस. अगदी बरोबर."

"पण दोन दिवस हालचाल कमी वाटतेय हो."

"माप चोख आहे, ठोके लागतायत. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

खरं माप अठ्ठावीसच होतं. पंधरा दिवसांत बाळ तसूभरही वाढलं नव्हतं. ठोके लागत होते, म्हणजे अजून वेळ होता. मला तोंड नव्हतं.

चार दिवसांनी ती धावत आली. सिस्टर परतल्या होत्या. त्यांनी मला लावलं, दोन वजा केले, कार्डावरचा तीसचा आकडा पाहिला आणि त्यांचा हात थबकला. मग ठोके शोधले. डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली. पुन्हा डावीकडे.

"सिस्टर, बोला ना काहीतरी."

सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला.

"मी सांगितलं होतं ना हो?" ती म्हणाली. त्यानंतर तिने काहीच विचारलं नाही.

सिस्टरांना मला फेकवत नाही आणि हातातही धरवत नाही. मी ड्रॉवरच्या तळाशी पडून असते. मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणते, तुटलेलं माप जपू नका. आणि एखादी आई म्हणाली, काहीतरी कमी वाटतंय, तर आधी तिचं ऐका. आकडा नंतर बघा.