साबणाच्या कारखान्याखाली

रेडिओबाई सकाळपासून घासलेलीच भांडी पुन्हा घासत होत्या. हे नाव त्यांना नवऱ्यानं ठेवलेलं, कारण त्यांचं तोंड दिवसभर चालू. आज मात्र रेडिओ बंद होता. लेकीनं तिकिटं आणली होती आणि ती मोठ्या कौतुकानं सांगत होती, "आई, तुझ्या साबणाच्या कारखान्याखाली लष्कराचं गुप्त केंद्र होतं म्हणे! आता लोकांना दाखवतात. तू वर वड्या गुंडाळत होतीस आणि खाली हेर बसलेले. तुला पत्ताच नव्हता?"

"मला मेलीला काय कळणार!" रेडिओबाई म्हणाल्या.

कळणार काय, त्या खालीच होत्या. साबणाची एक वडी त्यांनी आयुष्यात गुंडाळली नव्हती. कानाला हेडफोन लावून शत्रूच्या वायरलेसवरचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं, ही त्यांची नोकरी. घरी निघताना प्रत्येकाला हातामानेला साबणाचा चुरा चोळावा लागे, म्हणजे अंगाला वास कारखान्याचाच यावा. शपथ मरेपर्यंतची होती. नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं साहेबांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पुढे केंद्र बंद पडलं, साहेबही गेले, पण शपथ सुटली असं सांगायला कोणी आलं नाही.

तेवढ्यावर भागतं तर काही नव्हतं. लग्न नवं असताना सीमेवर गडबड उडाली आणि खालच्या कोणालाच दोन दिवस वर सोडलं नाही. घरी येऊन त्यांनी ठोकून दिलं, की मैत्रीण आजारी होती, तिच्याकडे राहिले. नवरा घड्याळजी. ती मैत्रीण आदल्याच दिवशी त्यांच्या दुकानात घड्याळ दुरुस्तीला टाकून गेली होती, चांगली ठणठणीत. घड्याळजींनी एका शब्दानं विचारलं नाही. पण तेव्हापासून ते बायकोशी जपून बोलू लागले, पाहुण्याशी बोलावं तसे. त्यांच्या मनात काय आलंय, हे रेडिओबाईंना न सांगता कळलं होतं. म्हणूनच तर त्या अखंड बडबडत राहिल्या. आपण गप्प बसलो तर हे विचारतील, ही धास्ती. बाईमाणूस आयुष्यभर भीतीपोटी बोलतं आणि लोक तिला गप्पिष्ट म्हणतात, आता काय बोलायचं!

तिघं केंद्राचा जिना उतरू लागली. एखादा शब्द तोंडातून निसटला तर? पाय सवयीनं आपल्या खुर्चीकडे वळले तर? त्यांनी लेकीचा दंड घट्ट धरून ठेवला. घड्याळजी काठी टेकत मागून येत होते, नेहमीसारखं अंतर राखून.

आतली टेबलं तीच होती. माहिती सांगणारी मुलगी चुणचुणीत होती. "वर कारखान्यात कोणी परकं आलं, की इथं हा दिवा लागायचा," म्हणत तिनं बटण दाबलं.

भिंतीवरचा लाल दिवा लागला.

"आता सांगा, दिवा लागल्याबरोबर इथली माणसं आधी काय करायची?"

"दार लावायची!"

"बंदुका काढायची!" एक गृहस्थ म्हणाले. लोक हसले.

"चुकलं. पायातलं काढून हातात घ्यायची. वर पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून."

लोकांनी माना डोलावल्या आणि सगळे पुढच्या खोलीकडे निघाले, लेकही त्यांच्यात. घड्याळजी तेवढे जागचे हलले नाहीत. ते खाली बघत होते. रेडिओबाईंनी त्यांच्या नजरेबरोबर खाली पाहिलं. त्या गार फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. दोन्ही चपला हातात, पोटाशी धरलेल्या. कधी काढल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

घड्याळजी जवळ आले. "ते दोन दिवस... इथं होतीस?"

रेडिओबाईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं वटवट केलेल्या बाईला नेमका आता शब्द फुटेना. डोळे मात्र भरून आले.

"नको सांगूस. शपथ घातली असेल." घड्याळजींनी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या, गुडघा धरत वाकून पायांपुढे ठेवल्या. "घाल. फरशी गार आहे."

त्यांनी चपला घातल्या, तरी घड्याळजी वाकलेलेच.

"अगं, त्या माणसाला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्या."

"कुठल्या हो माणसाला?"

"नव्हताच की गं तो," घड्याळजी म्हणाले, आणि फरशीवरच बसले.