पांढऱ्या दोऱ्याची वाट

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. शहराबाहेरच्या एका उंच ऑफिस-संकुलाची. पुठ्ठ्याचे तीन मनोरे, स्पंजची झाडं आणि गव्हाच्या दाण्याएवढी माणसं. ती माणसं वीस वर्षांपूर्वी ऑफिसला निघाली, अजून दारात पोहोचायची आहेत. त्यांच्याकडे बघून बघून मीही आता थकले आहे.

मला घडवलं एका अबोल कारागिराने. पाठीला रग लागेपर्यंत तो माझ्यावर वाकलेला असायचा. तेव्हा खरी इमारत कुठेच नव्हती. एका बाबांची मोकळी जमीन होती आणि ती विकायला ते तयार होते. अट एकच. मागच्या वस्तीतून पुढच्या दवाखान्याकडे जाणारी पायवाट सगळ्यांसाठी उघडी राहायला हवी. बिल्डरने लगेच मान डोलावली, कारागिराकडून माझ्या मधोमध एक पांढरा दोरा चिकटवून घेतला आणि बाबांना बोलावलं.

बाबांनी दोऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "एवढी वाट राहू द्या, बाकी सगळं तुमचं," ते म्हणाले आणि कागदांवर सह्या करून मोकळे झाले. वाट कागदात आहे का, हे त्यांनी पाहिलंच नाही. डोळ्यांना दिसलं ते पुन्हा काय विचारायचं, असा तो माणूस.

ते माझे मानाचे दिवस. माझ्या पोटात दिवे लागत, पाहुणे वाकून वाकून बघत. दोन मनोरे उभे राहिले. तिसऱ्याचा पाया खणून बिल्डरने हात टेकले आणि संकुल दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रत्येकाने आपल्या नावाची पाटी माझ्यावर डकवली. शेवटी माझी रवानगी जिन्याखाली झाली. बाबांची मुलगी इथेच साफसफाईला होती. तेवढी एकटी माझी काच पुसायची.

तिसऱ्या मालकाने भिंत घालायला काढली, थेट पायवाटेवर. वळसा घालून दवाखाना म्हणजे पाऊण तासाची पायपीट, आणि बाबांचे गुडघे केव्हाच बोलायला लागले होते. मुलीने मॅनेजरला जवळजवळ ओढतच जिन्याखाली आणलं. तिला आशा होती. मलाही होती, मित्रांनो. इतक्या वर्षांनी माझं कुणाला तरी काम पडलं होतं.

मॅनेजर काही वाईट नव्हता. त्याने चष्मा पुसून दोरा नीट पाहिला. "ताई, मला दिसतंय हे. पण कागदावर हवं ना."

"बाबांनी यावर बोट ठेवलं होतं, साहेब," ती म्हणाली.

मॅनेजरने दोऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि तो जिना चढून वर गेला.

भिंत झाली. मग कारागिराला बोलावलं, मला खऱ्याबरहुकूम करायला. तोही आता म्हातारा झाला होता. त्याने चिमट्याने दोरा उचलला, पुठ्ठ्याची भिंत लावली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. डिंकाची रेघ तेवढी राहिली.

परवा वळसा घालून दवाखान्याला जाताना बाबा लेकीकडे, इथे जिन्याखाली टेकले. चालून चालून धाप लागली होती. लेकीने पाणी दिलं. मग त्यांनी माझ्या काचेवर बोट ठेवलं आणि त्या रेघेवरून सावकाश पुढे नेलं. भिंतीपाशी बोट थांबलं.

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं गं," ते लेकीला म्हणाले.

नाही, मित्रांनो. चूक त्यांची नव्हती. खोटं मी बोलले होते. माझी काच कुणी पुसली नाही तरी चालेल, मला अडगळीत टाकलं तरी चालेल. पण कुणाला वाट दाखवलीत, तर ती राखा.