नणंदेनं केलेलं कौतुक

मशीनसमोरच्या खुर्चीवरची उशी नणंदेनं उचलली आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगावर भिरकावली.

"हे शिवणखातं आहे, दवाखाना नाही. बसवत नसेल तर घरी बसावं."

वहिनी नुसत्या लाकडी खुर्चीवर टेकली, कॉलरचं कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन सुरू केलं. नणंद तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळं खातंच तिला वहिनी म्हणे. पण त्या हाकेत आता माया उरली नव्हती.

नणंदेला या कारखान्यात आणलं होतं तिनंच. सुईत दोरा ओवण्यापासून शिकवलं होतं. मग एकदा माल घेऊन उतरताना वहिनी मागच्या जिन्यावरून कोसळली, मणका दुखावला आणि अंथरुणाला खिळली. अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला, खातेप्रमुखाची तिची जागा नणंदेकडे गेली, आणि नणंद 'तू'ची 'तुम्ही' झाली.

घरात पडून राहण्याचा वहिनीला वीट आला होता. येणारा-जाणारा कीव करायचा, नवरा पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायचा. अर्धा दिवस बसून काम करायला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, भत्त्याच्या कार्यालयानंही मान्य केलं. भत्ता चालू ठेवून जमतंय का बघा, म्हणाले. ती हुरूपानं कामावर आली आणि खात्यातल्या बायकांनी तोंडं फिरवली. फुकटचं खाऊन वर आमच्या पोटावर पाय द्यायला आली, असं तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोललं जाई. नणंद तर तिची प्रत्येक कॉलर उजेडात धरी, नाक मुरडी आणि उसवायला परत टाकी. नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, घरातलंच माणूस आहे, सांभाळून घे.

एक गोष्ट तिनं खात्यात कुणालाच कळू दिली नव्हती. दुपार व्हायला आली की कंबरेत जाळ उठे. ती हसतमुखानं निरोप घेई, भिंतींना धरत धरत घरी पोचे आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर उताणी पडून राही.

उशी भिरकावली त्याच सकाळी भत्त्याच्या कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. वहिनीचं काम कसं चाललंय, हे त्यांनी मशीनपाशी उभं राहूनच नणंदेला विचारलं. वहिनीनं मशीन थांबवलं. आता ही सगळी गाऱ्हाणी ओतणार आणि अर्ध्या वेळाची नोकरीही जाणार.

नणंद मात्र गोड हसली.

"हिच्यासारखा हात अख्ख्या खात्यात नाही, मॅडम. हिची कॉलर कधी परत येत नाही. अर्धा दिवस कशाला, पूर्ण दिवस सहज करेल."

वहिनीचा चेहरा क्षणभर उजळला. कित्येक महिन्यांत तिच्या कामाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या मशीनवरची बाई मान खाली घालून हसली, आणि वहिनीच्या ध्यानात आलं. पूर्ण दिवस झेपतो म्हटलं की भत्ता बंद. आणि पूर्ण दिवस तर तिला आठवडाभरही निभणार नव्हता.

तपासनीस बाई तिच्याकडे वळल्या.

"खरं आहे का हे?"

नाही म्हणायचं, तर आपल्याच तोंडानं आपला हात वाईट ठरवायचा. नणंद त्याचीच वाट बघत उभी होती. वहिनीनं मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"कामाचं म्हणाल तर शब्दन्‌शब्द खरा आहे. तसाच लिहून घ्या. दुपारनंतर पाठीचं काय होतं, ते मात्र यांना ठाऊक नाही. दुपारी घरी या, मॅडम. वन्सं घर दाखवतील."

दुपारी दार वाजलं तेव्हा ती जमिनीवर होती. उघडंच आहे, असं तिनं पडल्या पडल्या सांगितलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते, कुशीवर वळायचं म्हटलं तरी वळता येईना. तपासनीस बाई तिच्याशेजारी खाली बसल्या, हळू आवाजात दोन-चार प्रश्न विचारले, आणि भत्ता आहे तसा चालू राहील, असं सांगून उठल्या.

नणंद उंबऱ्याबाहेरच उभी होती. बाई जिना उतरून गेल्या तरी तिचा पाय हलेना.

"कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतंत."

"पाठवलंच असतं," नणंद म्हणाली.

मग दाराच्या कडीला हात घालून, वहिनीकडे न बघताच तिनं सुनावलं,

"उद्या उशीर करू नकोस. गणवेशांचं मोठं काम आलंय, आणि कॉलर दुसऱ्या कुणाच्या हातून धड होत नाही."

आत या म्हणायचीही वाट न बघता तिनं दार धाडकन ओढून घेतलं.