मोज्यातला गोंद

मी झटपट गोंद बोलतोय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे.

कारखान्यात जन्मलो. बोटाएवढी बाटली, बारीक टोकदार तोंड. पियानो दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला विकत घेतलं आणि थेट जुन्या मोज्यात कोंबलं. पियानोला जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरसच लावायचा, तोही गरम करून, असं त्याच्या वडिलांनी त्याच्या मनावर बिंबवलेलं. म्हणून सरसाच्या भांड्याने पिशवीत मिरवायचं आणि राबायचं मी. गिऱ्हाइकाची पाठ वळली की मोजा उघडायचा. वर हा ऐटीत सांगणार, "सरस लावलाय, संध्याकाळपर्यंत हात लावू नका." मी तोवर कधीच घट्ट बसलेला असायचो. अस्सा संताप यायचा.

परवा एका पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. मधली पट्टी डुगडुगत होती, तिच्या पोटातलं भोक झिजून रुंद झालं होतं. बाई पाणी आणायला आत गेल्या. याने लाकडाचा बारीक भुसा भोकात दाबला आणि माझे थेंब सोडले. डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला, भुसा दगडासारखा कडक झाला. त्यात नवं भोक पाडून पट्टी बसवली.

बाई आल्या. याचं पुन्हा तेच, सरस आणि संध्याकाळ.

"अहो, तासाभरात परीक्षक येतायत. आमच्या सूनबाईंची परीक्षा आहे. यंदा हुकली तर पुढच्या वर्षी वयात बसणार नाही ती." बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. स्टुलावर बसलेल्या सुनेने हात मागे घेतले.

मी मोज्यात तडफडत होतो. बोल की, माणसा.

त्याने सरसाच्या भांड्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मोजा उलटा केला. "खोटं बोललो, बाई. सरस नाही, हा लावलाय. आत्ता वाजवा."

बाईंनी चष्मा सारखा केला. "हा? चपलेला लावतात तो?"

"तोच."

सूनबाई थांबल्याच नाहीत. परीक्षकांसमोरही त्यांनी ती पट्टी मनसोक्त बडवली. मी तसूभर हललो नाही.

त्या दिवशी त्याने मला घरी नेऊन वडिलांच्या समोर टेबलावर ठेवलं. ते अजून माझ्याकडे बघत नाहीत. नका बघू.

आता माझं तोंड गच्च झालंय, तळाशी थेंबभर उरलोय. खुशाल फेकून द्या. फक्त मोज्यात घालून फेकू नका.