दोन्या सोकोरोचा वाकडा दात

नळ खाकरला.

चार दिवस कोरडा पडलेला नळ दोनदा खाकरला आणि मग त्याने गढूळ पाण्याची चूळ टाकली. चिडीचूप घरात तेवढाच आवाज. याओस्काने पिंप नळाखाली सरकवलं आणि ती तिथेच उकिडवी बसली. खाटेवर तिची लेक बेल्किस पालथी झोपली होती, एक पाय चादरीबाहेर. सहा वर्षांची पोर, पण झोपली की अजून तान्ही दिसायची.

शनिवार उजाडत होता. रविवारी पहाटे कोस्टा रिकाची बस होती. मावसबहीण मार्बेली तिकडे एका म्हाताऱ्या जोडप्याची सेवा करायला निघाली होती आणि शेजारच्या घरात आणखी एक बाई हवी होती. आज काम मिळालं नाही तर याओस्काने जायचं, बेल्किसने चिनांदेगाला आजीकडे राहायचं. किती दिवस, हे कुणी बोलत नव्हतं.

अकरा वर्षं तिने दात बनवले होते. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे यायचे, ती त्यांच्यावर चिनीमातीचा एकेक दात थराथराने चढवायची, भट्टीत भाजायची आणि डबीत घालून पाठवून द्यायची. ज्याच्या तोंडात तो जायचा, ते माणूस तिने कधी पाहिलं नाही. कार्यशाळा बंद पडली तशी ती ओळखी शोधायला निघाली. जुना सहकारी हादेर याने फोनवर तिचं पान उघडून दिलं. नोकरीधंद्यातली माणसं एकमेकांना जोडली जातात, तिथे. तिने दातांचे फोटो टाकले. साठ अनोळखी माणसं जोडली गेली; कामाचं एकानेही विचारलं नाही. मग ती दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत फिरली. डॉक्टरांना कार्यशाळेचं नाव माहीत होतं, तिचं नव्हतं. दातावर कुणी आपलं नाव थोडंच कोरतं?

"तुझ्या सगळ्या ओळखी प्लॅस्टरच्या, बाई," मार्बेली म्हणाली होती. "जबडे तेवढे ओळखतेस. माणूस म्हणशील तर एक नाही."

शेवटी हादेरच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडून निरोप आला. दात बनवणाऱ्या एवेल्यो मास्तरांना हाताखाली माणूस हवं आहे. साऱ्या मानाग्वा शहरात त्यांच्यासारखं काम कुणाचं नाही, आणि तोंडही तितकंच फटकळ. फोन उचलत नाहीत. शनिवारी बाराला कुलूप लावतात, त्याआधी या. पत्ता सोपा: बर्फाचा कारखाना होता तिथून तळ्याच्या अंगाला दोन चौक, मग वर एक, हिरवं फाटक.

बर्फाचा कारखाना याओस्काला चांगला आठवत होता. लहानपणी ती तिथून गोणपाटात गुंडाळलेली लादी आणायची. आता तिथे टायरचं दुकान आहे. बेल्किसच्या दोन वेण्या घालून, तिला घेऊन ती दहालाच तिथे बसमधून उतरली, दोन चौक तळ्याकडे चालली, एक चौक वर चढली. फाटक होतं, पण निळं. आत ओसरीवर एक म्हातारी झुलत्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती.

एवेल्यो मास्तर इथेच का, असं विचारल्यावर म्हातारीने, गल्ली तिला मानाने दोन्या सोकोरो म्हणायची, आधी हातातली शेंग संपवली. मग तिने विचारलं, की मास्तरांचं वय काय असेल. सत्तरीच्या पुढे, याओस्का म्हणाली.

"मग पोरी, त्याचा बर्फाचा कारखाना वेगळा. भूकंपात पडला तो. तू जन्मलीही नसशील. तुझा कारखाना मागनं झाला आणि मागनंच गेला." आणि ती मनापासून हसली. "पत्ता सांगणाऱ्याचं वय विचारून घ्यावं गं नेहमी."

याओस्काला खरं तर रडू यायला हवं होतं. साडेदहा वाजून गेले होते. पण ती जागची हलली नाही. ती म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढच्या दोन दातांच्या शेजारचा, डावीकडचा. एक खांदा पुढे काढून गर्दीत उभं राहावं तसा, जरासा तिरका. आणि कडेजवळ केसाएवढी पांढरी रेघ.

पाच वर्षांपूर्वी साच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी आली होती: पेशंटला दात सरळ नको, पहिल्यासारखाच वाकडा हवा, पांढऱ्या रेघेसकट. कार्यशाळेत सगळे हसले होते. याओस्का हसली नव्हती. बेल्किस तेव्हा वर्षाची. तिला मांडीवर घेऊन ती तीन रात्री, चिठ्ठीला जोडलेल्या, ओठांपुरत्या कापलेल्या जुन्या फोटोतला तो दात बघत बसली होती. कोण असेल ही बाई, जिला आपला वाकडेपणा परत हवाय, याचा विचार करत.

"दोन्या," ती ओसरीच्या कडेशी सरकून म्हणाली, "तो वाकडा दात... सरळ नको, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

म्हातारीचे हात शेंगांवर थांबले. ती हळूहळू बोलली. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याला ती त्या दातामुळेच आवडली होती. दात पडला तेव्हा वाटलं, आता वर भेटल्यावर हा मला ओळखायचा कसा? नवा बसवला आणि आरशात पाहिलं तर मीच परत आलेली. कुणी केला, डॉक्टरला ठाऊक नव्हतं. "त्या हातांसाठी रोज एक प्रार्थना म्हणते मी. नाव माहीत नाही म्हणून नुसतं 'ते हात' म्हणते."

याओस्काने आपले हात पाहिले. पाच वर्षं रोज. आणि आपल्याला पत्ताच नाही. तो दात आपण केला आणि आज मास्तरांकडे काम मागायला निघालोय, एवढं तिने सांगून टाकलं.

दोन्या सोकोरोने उन्हाकडे तोंड करून आ केला. बेल्किस आधी चवड्यांवर उभी राहिली, मग म्हातारीच्या खुर्चीच्या हातावर चढली. प्लॅस्टरच्या जबड्याला जीभ नसते, श्वास नसतो. इथे तो दात ओला होता, चमकत होता, इतर दातांमध्ये राहून राहून त्यांच्याच रंगाचा झाला होता. देवळात पाऊल टाकताना होतं तसं याओस्काचं झालं. पुढे जावं की तिथेच थांबावं, कळेना.

"कागदपत्रं आणलीयेस?" म्हातारीने विचारलं. आहेत, याओस्का म्हणाली. "राहू देत पिशवीत. मी येते."

तिने हाक मारली तसा तिचा पन्नाशीचा, ढेरपोट्या भाचा तीनचाकी घेऊन आला. भूकंपाआधीचा कारखाना नेमका कुठे होता हे म्हातारीला आठवेना आणि त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानदारणीला विचारलं, तिने आपल्या दिराला, दिराने एका शिंप्याला. प्रत्येक ठिकाणी दोन्या सोकोरो तोंड उघडून दात दाखवायची आणि सांगायची, हिने केलाय. दुकानदारणीने बेल्किसला केळ दिलं. शिंपी म्हणाला, थांबा, मास्तरांच्या गल्लीत माझा साडू आहे, त्याला सांगतो कुलूप लावू देऊ नको म्हणून.

ते पोहोचले तेव्हा बाराला पाच कमी होते. हिरव्या फाटकाशी मास्तर किल्ली हातात घेऊन शिंप्याच्या साडूवर खेकसत होते. गाडीतून आधी काठी उतरली, मग म्हातारी.

मास्तरांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. कितीतरी वेळ त्या तोंडात बघत राहिले. खेकसणं थांबलं होतं. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "रेघ वरून रंगवलीस?"

"नाही मास्तर. आतल्या थरात भरली, मग वर पातळ थर दिला. वरून दिली असती तर एव्हाना झिजून गेली असती."

त्यांनी भिंग खिशात टाकलं. "सोमवारी सातला ये. आणि बर्फाचा कारखाना कुठे होता, तेवढं शिकून घे."

बसथांब्याजवळ एक बाई केळीच्या पानावर उकडलेला कसावा कंद आणि डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी विकत होती, वर कोबी. याओस्काने एकच पान घेतलं, दोघींत. मार्बेलीला फोन करायचा होता; तो जेवण झाल्यावर. जेवणाची वेळ. बाकावर, भिंतीच्या सावलीत, थांबलेल्या बसच्या खिडक्यांत, जिकडे तिकडे माणसं जेवत होती.

बेल्किस तोंडातला घास गालात सारून प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होती. बराच वेळ. मग तिने आईच्या बाहीला हात लावला.

"आई, आत्ता या वेळी किती माणसं तुझ्या दातांनी जेवत असतील?"